एकबारीची राखण

लोकांना वाटतं, नथूच्या घरी बंदूक आहे म्हणजे त्याची बायको राणी. या की मग एकदा राहायला. सुरगाण्याहून लग्न होऊन मी सिल्वासाच्या मुलखातल्या या वडपाड्यात आले तेव्हा घरात चार भांडी, एक म्हैस आणि ही बंदूक होती. म्हैस गेली, भांडी चेपली, बंदूक तशीच आहे. तिला वेगळी खुंटी, वेगळं फडकं, वेगळं तेल. माझ्या डोक्याला एखाद दिवशी तेल नसलं तरी चालतं, तिला लागतंच.

माझ्या सासऱ्याला ती एका पोर्तुगीज साहेबानं दिली. सासरा त्याला रानात शिकारीच्या वाटा दाखवायचा. साहेब आपल्या मुलखात निघून गेला, इथं राज्य बदललं, पण कागदाला कागद जोडत सासऱ्यानं ती राखली आणि त्याच्यामागं माझ्या नवऱ्याच्या, लखनच्या बापाच्या नावावर परवाना झाला. पीक राखायची बंदूक, असं त्यात लिहिलेलं आहे. एका वेळेला एकच गोळी बसते, म्हणून पाड्यात सगळे तिला एकबारी म्हणतात.

तिच्या घोड्याच्या खाली एक दांडी आहे. ती ओढली की आतला लोखंडी ठोकळा सरळ खाली जातो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. तिथं काडतूस घालायचं, दांडी वर घ्यायची, ठोकळा जागेवर येतो. झालं. पावसात भिजो, चिखलात पडो, तिला काही होत नाही. शिवाय एकच गोळी म्हटल्यावर माणूस विचार करून बार काढतो, उगाच हात सैल सोडत नाही, असं लखनचा बाप चार माणसांत बसला की मांडी ठोकून सांगायचा. हे झाले फायदे. तोटा तो सांगायचा नाही, तो मी सांगते. काडतूस बाहेर ओढायला आत एक नखी असते, ती मोडून किती वर्षं झाली देव जाणे. बार काढल्यावर रिकामं काडतूस तो नळीच्या पुढून लोखंडी गज घालून ढकलतो. पण न उडालेलं काडतूस असं ढकलायचं नाही, फुटलं तर हात जाईल, हे सासऱ्यानं मरताना पण बजावलं होतं. म्हणजे एकदा भरली की ती झाडल्याशिवाय रिकामी होत नाही.

रानडुकरं मारायची नाहीत, हे जंगलखात्याची माणसं येऊन सांगून गेलीत. आम्ही कुठं मारतो? हवेत एक बार काढायचा, की कळप डोंगर ओलांडून पार पळतो आणि पुष्कळ दिवस फिरकत नाही. त्या एका बारावर सगळा वडपाडा झोपतो. त्याची राखण आम्हाला मिळते. राखण म्हणजे, खळ्यावर भात झोडलं की घरटी एक टोपली भात आमच्या दारात यायचं, पुढच्या वर्षासाठी. ज्यानं टोपली टाकली त्याचं शेत नथूच्या गळ्यात. आमची जमीन वीतभर, त्या टोपल्यांनीच आमचा पावसाळा निघतो, खोटं कशाला बोलू.

आणि या राखणीपायी काय झालं सांगू? लोकांनी आपापले माळे मोडले. पूर्वी प्रत्येक शेतात चार बल्ल्यांवर माळा असायचा, माणूस वर बसून डबा बडवायचा. कुत्री होती, गोफणी होत्या. एकबारी आहे म्हटल्यावर बल्ल्या चुलीत गेल्या, कुत्री कुणी नवी पाळली नाहीत, पोरं सायलीच्या कारखान्यांत गेली. गोफण विणायची कशी, हे आता पाड्यात एका-दोघांनाच येत असेल. माझं डोकं तेव्हाच ठणकायचं, पण टोपल्या घरात येत होत्या, मग मी कशाला बोलते.

यंदा भात बघण्यासारखं होतं. लोंब्या वाकल्या होत्या, पिवळेपणा धरायला लागल्या होत्या. अशात लखनच्या बापाला फोन आला. आमच्याकडं फोन फक्त खालच्या चिंचेपाशी लागतो, तोही लागला तर. तो तिथून पळत वर आला, तोंड उजळलेलं. खालच्या पोलीस चौकीतून फोन होता म्हणे, आवाज तुटत होता, पण नवीन आलेला हवालदार स्वच्छ बोलला, ‘नथूभाई, बंदूक चौकीमां भरी जजो, आजेज.’ म्हणजे याच्या कानाला, बंदूक भरून चौकीत ये, आजच्या आज.

आता इथंच सगळं शेण झालं. बँकेत पैसे भरतात, लाइटबिल भरतात, शाळेत फी भरतात, जे जे काउंटरवर ठेवायचं ते सगळं गुजराती माणूस भरतोच, आपण पण भरतो. पण ज्याच्या हाताला जन्मभर बंदूक आहे त्याला तुम्ही बंदूक भर म्हटलंत, तर तो काय भरणार? आधीचे हवालदार ‘जमा करा’ म्हणायचे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका चौकीत जमा होतात, हे आम्हाला माहीत आहे, आम्ही दर वेळेला केलंय. पण निवडणुकीचं काही त्याच्या कानावर पडलंच नाही, ते शब्द तुटक्या आवाजात गेले. वर आणखी एक, मागं एकदा चौकीमागच्या क्वार्टरात डुक्कर शिरलं होतं तेव्हा साहेबांनी गाडी पाठवून याला नेलं होतं, चहा पाजला होता. तो चहा हा अजून विसरलेला नाही. याला वाटलं, पुन्हा आपली गरज पडली.

मी म्हटलं, तिथं जाऊन भरा ना, वाटेत कशाला भरलेली न्यायची. तो म्हणाला, पोलीस भरून आण म्हणतात आणि मी रिकामी घेऊन जाऊ? त्यानं डब्यातून काडतूस काढलं, पुसलं, भरलं. धुतलेला सदरा घातला. मला बाजारातून सुकट आणायचीच होती, म्हणून मीही निघाले. जीपमध्ये बंदूक त्यानं गोणपाटात गुंडाळून तोंड खाली करून पायांत धरली होती आणि शेजारच्याला सांगत होता की चौकीतून बोलावणं आलंय.

चौकीत साहेब पोरगेला होता. टेबलावर दुसऱ्या दोघा-तिघांच्या बंदुका ओळीत ठेवलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. ते बघून मी लखनच्या बापाचा सदरा ओढला, पण त्याचं लक्ष नव्हतं, तो आपला साहेबाला नमस्कार करत होता. तो नवा हवालदार, श्रीकांत त्याचं नाव, पुढं आला, त्यानं गोणपाट सोडलं आणि बंदूक उचलून नळीत डोळा घालून बघायला लागला.

“साहेब, तोंड बाजूला घ्या,” लखनचा बाप म्हणाला. “भरलेली आहे.”

कुणीतरी चहाचा कप ठेवत होतं, तो तसाच हातात राहिला. श्रीकांतनं बंदूक हळूच टेबलावर ठेवली आणि मागं सरकला. साहेब उठून उभा राहिला. त्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं की भरलेली बंदूक घेऊन तू चौकीत का आलास. लखनचा बाप म्हणाला, तुम्हीच भरून ये म्हणालात. साहेबानं श्रीकांतकडं बघितलं. श्रीकांतचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, मी जमा करायचं सांगितलं. बरोबरच होतं त्याचं, त्यानं जमा करायचंच सांगितलं होतं. पण कुठल्या शब्दात सांगितलं ते तो बोलला नाही.

मग साहेब म्हणाला, काढ गोळी. निघत नाही साहेब, नखी मोडलीय. मग गज घाल. गज घालत नाहीत साहेब, हात जाईल. मग काय करायचं असतं? झाडायची असते साहेब, मागच्या बाजूला जमिनीत झाडतो, एका मिनिटाचं काम. हे ऐकल्यावर साहेबानं कपाळाला हात लावला. निवडणूक लागलेली, चौकीच्या आवारात बार झाला तर त्याची नोकरी जाते. झाडता येत नाही, काढता येत नाही, भरलेली ठेवता येत नाही आणि परत पण देता येत नाही. सगळे त्या बंदुकीभोवती उभे, आणि लखनचा बाप प्रत्येकाच्या तोंडाकडं बघतोय, कुणीतरी हसेल आणि सोडून देईल म्हणून.

हसलं कुणी नाही. बंदूक भिंतीकडं तोंड करून खिडकीच्या गजांना बांधली आणि याला बाकावर बसवलं. माझी सुकट राहिली, मी पायरीवर बसले. दुपारी श्रीकांत पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, भाऊ, तू भरायला सांगितलंस तेवढं एक साहेबाला सांग. तो बराच वेळ नळ बंद करत राहिला. मग म्हणाला, “मावशी, माझी पण नवी नोकरी आहे.” माणूस वाईट नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, तो पण नीट आला नाही.

संध्याकाळपर्यंत लिहिणं झालं, अंगठा झाला. हयगयीनं भरलेलं हत्यार सार्वजनिक जागी आणलं, असं काहीतरी त्यात होतं. घरातली उरलेली काडतुसं पण आणून द्यायची होती. बंदूक सिल्वासाला तपासाला जाणार, आणि निवडणूक होऊन काय तो निर्णय येईपर्यंत मिळणार नाही. आम्ही चालत निघालो. अर्ध्या वाटेवर तो एका शेताच्या बांधाशी थांबला. मग म्हणाला, “मंजुळे, भात किती दिवसांत येईल गं?” त्याला माहीत होतं की. त्याच्याइतकं पाड्यात कुणाला माहीत असणार.

पाड्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही, उलट दोघेतिघे येऊन बसले, तंबाखू मळली. पण उठताना एक जण म्हणालाच की राखण तर दिलेली आहे. दिलेली होती आणि आम्ही ती खाल्ली होती. लखनचा बाप म्हणाला, मी आहे ना, राखतो.

दुसऱ्या दिवसापासून तो बल्ल्या तोडायला लागला. वय झालेलं, कुऱ्हाड धरली की खांद्यातून कळ जायची. बल्ल्या मी ओढत आणायची. एक माळा आमच्या बाजूला उभा केला, दुसरा वर जंगलाला लागून चिमाबाईच्या शेतात. चिमाबाई म्हणजे पाड्यातली सगळ्यात म्हातारी, नवरा गेलेला, लेक लग्न करून दादऱ्याला. तिचं शेत कळपाच्या तोंडावरच, आणि तिची टोपली दर वर्षी सगळ्यांच्या आधी आमच्या दारात. तिच्या माळ्याला वेलींनी बांधता बांधता त्याचे तळवे फाटले. चिमाबाई खाली उभी राहून सारखं एकच विचारायची, नथू, बंदूक कधी मिळंल रे?

रविवारी आमचा लखन आला. तो सायलीला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. बापाला एवढं कळत नाही का, असं तो मला म्हणाला, बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग फोनवर कुणाकुणाशी हिंदीत बोलला, आणि सोमवारी रजा टाकून बापाला सिल्वासाला घेऊन गेला. खालच्या खानवेलहून सकाळच्या बसनं गेले ते दिवेलागणीला परत आले. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं, शेवटी एका बाईनं नीट सांगितलं की निकाल लागू दे, मग या. लखनचा बाप तिला भाताचं सांगत होता. ती म्हणाली, काका, ते मी कसं लिहू? लखन दुसऱ्या दिवशी कामावर गेला. जाताना म्हणाला, छोड दो बाबा, आता बंदूक-बिंदूक कोण ठेवतं. बापानं मान हलवली. मला पोराचं पण पटत होतं, हेच वाईट.

मग आम्ही दोघं राखायला लागलो. खालच्या माळ्यावर मी, वरच्या माळ्यावर तो. तेलाचा डबा, त्यावर दांडकं. हाताची कातडी सोलली, चिंध्या बांधल्या. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, बोलला की नुसती हवा यायची. दिवसा पुन्हा कामं आहेतच, लाकडं, पाणी, चूल. डोळे सुजलेले, जेवताना घास हातात धरून झोप लागायची. पाड्यातल्या बाकी घरातलं कुणी यायचं नाही असं नाही, येऊन जायचे, डबा बडवायचे, पण त्यांची सवय मोडलेली. आणि डुकरांना काय, दोन दिवस डबा ऐकला, तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं की नुसता डबाच आहे.

त्या सकाळी उजाडलं होतं. धुकं ओढ्यावर होतं, वर सगळं साफ दिसत होतं. मी माळ्यावरून उतरून पाणी आणायला निघाले आणि चिमाबाईची किंकाळी ऐकली. पळत वर गेले तर कळप शेतात. मोठी, काळी, केस उभे असलेली, पिल्लं पायांत. खात तर होतीच, पण खाण्यापेक्षा लोळत होती, नाकानं बांध उकरत होती. लखनचा बाप माळ्यावरून उतरला होता, डबा कुठं पडला होता कोण जाणे, हातात नुसतं दांडकं. आवाज तर नव्हताच त्याला. तो शेतात धावत गेला, मधे थांबला, आणि त्यानं ते दांडकं खांद्याला लावलं.

नेम धरला त्यानं. एक डोळा मिटला. डावा हात पुढं, उजव्या हाताचं बोट वाकवलेलं. मी बघत होते, चिमाबाई बघत होती, आरडाओरडा ऐकून धावत आलेले पाड्यातले लोक बांधावर उभे राहून बघत होते. एका पोरीला हसू आलं, तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. मोठ्या डुकरानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मग लोकांनी दगड मारायला सुरुवात केली, कालवा झाला, कळप आपल्या सवडीनं रानात गेला. तो तसाच उभा. मी जाऊन त्याच्या खांद्यावरचं दांडकं काढून घेतलं. तो मला म्हणाला, हात आपोआप गेला गं.

चिमाबाईचं शेत उरलंच नाही. चिखलात रुतलेल्या लोंब्या ती पदरात वेचत होती. आम्ही सगळ्या बायका वेचायला लागलो, पण त्यात दाण्यापेक्षा मातीच जास्त. खालची शेतं थोडी वाचली, कळप वरच पोट भरून गेला म्हणून. लोकांनी घाईघाईत ओलंच कापून घेतलं. आमचं पण कापलं. चिमाबाईला कापायला काही नव्हतं. ती दुसऱ्यांच्या शेतात कापायला गेली, वाकून, सगळ्यांच्या बरोबरीनं, आणि मला तिच्या शेजारी उभं राहवेना.

निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उडाला, रस्त्यावरचे फलक उतरले. मग सिल्वासाहून बोलावणं आलं. मी पण गेले. बंदुका तपासणारा एक वयस्कर माणूस होता, शांत. त्यानं पितळी गजानं कुठलीशी युक्ती करून काडतूस बाहेर काढलं होतं, ते हिरवं पडलेलं. तो म्हणाला की हे उडालंच नसतं, दारू कधीच सादळली होती. बाकीची काडतुसं पण तसलीच, ती त्यांनी ठेवून घेतली. आणि या मापाचं काडतूस आता कुणी बनवत नाही, दुकानात मिळणार नाही. परवान्यावर शेरा मारला, पुन्हा असं झालं तर रद्द, म्हणून सांगून बंदूक परत दिली. बंदुकीचं त्यानं कौतुक केलं. असा ठोकळा आता बघायला मिळत नाही, जपा म्हणाला. लखनचा बाप आधी खूश झाला, मग बाहेर आल्यावर पायरीवर बसला. इतके दिवस बंदूक भरलेली म्हणून ज्याला सगळे भ्याले, ते काडतूस मेलेलं होतं. म्हणजे बंदूक घरी असती तरी त्या सकाळी नुसती टक् झाली असती. हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. त्याला कळलेलंच होतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

घरी आलो तर खळी आटोपत आली होती. राखणीच्या टोपल्या यायचे दिवस. मी त्याला म्हटलं, या वर्षी कुणी देणार नाही, आणि दिली तरी घेऊ नका, सरळ सांगून टाका. तो हो म्हणाला. त्यानं बंदूक खुंटीला अडकवली पण नव्हती, दारातच मांडीवर घेऊन बसला होता.

तेवढ्यात चिमाबाई आली. सगळ्यांच्या आधी, दर वर्षीसारखी. डोक्यावर टोपली, वर फडकं. टोपली तिनं उंबऱ्यापाशी उतरवली आणि कंबरेला हात देऊन उभी राहिली. मी फडकं बाजूला केलं. भात नव्हतं. तांदूळ होता, पांढरा, मधे मधे तुकडा. रेशनचा. खायला मिळालेला महिन्याचा तांदूळ होता तिचा.

मी टोपली उचलून तिच्याकडं सरकवली, म्हटलं, काकी, हे घरी न्या, तुमचं गेलं ते आमच्यामुळं गेलं, आम्ही काय तोंडानं घेणार. ती घाबरली. खरंच घाबरली, टोपली पुन्हा आत ढकलायला लागली. म्हणाली, मला राखणीतून काढता का गं? भात नाही म्हणून काढता का?

मग लखनचा बाप उठला. त्यानं दांडी ओढली, ठोकळा खाली गेला, ते उघडं तोंड त्यानं तिच्यापुढं धरलं, तिला आत बघायला लावलं. घसा अजून धड नव्हता त्याचा.

“काकी, हिला गोळी नाही. आता मिळणार पण नाही.”

चिमाबाईनं वाकून आत बघितलं. तिला काय दिसणार होतं? तिनं मान वर केली, आमच्या दोघांकडं बघितलं.

“नसू दे,” ती म्हणाली. “मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ?”

त्यानं दांडी वर घेतली, ठोकळा जागेवर आला. ती तिथंच उभी, रिकामी टोपली परत न्यायची म्हणून थांबलेली. शेवटी मी आतून सूप आणलं आणि तांदूळ ओतून घेतला.